आबांच्या चुका

आबा सकाळी पावणेसहालाच प्लांटच्या गेटवर येऊन उभे राहायचे. हजेरी घ्यायला नव्हे. हजेरीला अंगठ्याचं मशीन होतं. पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून येत, लिंबाखाली गाड्या लावत, आणि आबा गळ्यातल्या टॉवेलची दोन्ही टोकं धरून नुसते बघत राहत. माझा नोकरीचा दुसराच दिवस होता. म्हातारबुवांना गाड्यांचा शौक असेल, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाले,

"गाड्या न्हाई बघत. स्टँड बघतो. मानूस घरून भांडून आलं की स्टँडला लाथ हाणतं. झोप झाली नसंल तर लावलेली गाडी परत काढून लावतं. आन डोक्यात काय घोळत असलं की किल्ली गाडीलाच राहती."

त्या दिवशी तिघांच्या किल्ल्या गाडीला राहिल्या होत्या. आबांनी त्या काढून खिशात टाकल्या आणि त्या तिघांतल्या एकालाही बॉयलरजवळ फिरकू दिलं नाही. दुपारी किल्ल्या परत देताना कुणाला काही विचारलंही नाही.

काष्टी गाव मागे टाकून थोडं पुढे गेलं की रस्त्याला लागूनच आमचा दुधाचा प्लांट. गावोगावचं दूध टँकरनं यायचं, तपासलं जायचं, तापवून थंड केलं जायचं आणि पिशव्यांत भरून पुण्याकडे रवाना व्हायचं. मी मूळची श्रीरामपूरची. डेअरीची पदवी घेतलेली, वय तेवीस, पद शिफ्ट ऑफिसर, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. म्हणजे कागदावर मी आबांची साहेब आणि आबा माझ्या हाताखालचे सुपरवायझर. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की हे सगळं कागदावरच राहणार आहे. आबा चारचौघांत मला 'मॅडम' म्हणत आणि दोघंच असलो की 'पोरी'.

आबा कर्जतकडचे. शिक्षण सातवी. अंगानं किडकिडीत, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि आवाज असा की बॉयलर चालू असला तरी दोन वेळा सांगावं लागत नसे. डोक्यावर गांधी टोपी. प्लांटमध्ये केस झाकायला जाळीची टोपी घालायचा नियम आहे, तो आबांनी मान्य केला होता, पण स्वतःच्या अटींवर. गांधी टोपी न काढता ते तिच्यावरूनच जाळीची टोपी ओढत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हरकत घेतली तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, नियम केस झाकायचा हाय. माझे दोनदा झाकलेत." त्यांना कंपनीनं एक खुर्ची दिली होती. तिच्यावर ते टॉवेल वाळत घालायचे. बसलेलं मी त्यांना फक्त जेवताना बघितलं.

हा प्लांट उभा राहायच्या आधी इथे नुसती पत्र्याची शेड होती आणि आबा तिथे दुधाचे कॅन धूत असत. मी एकदा विचारलं, "आबा, माणसं ओळखायला कुठे शिकलात?" मला वाटलं, हे काहीतरी बैलांचं किंवा शेतीचं सांगतील. तर म्हणाले, "कॅन धुवून. कॅनात खांद्यापातुर हात घातला की, घासून आलाय का तसाच बुरसलेला, त्यावरनं कळायचं कोन्च्या घरात काय चाललंय." ज्या गेटातून कॅन धुवायला आत आलो त्याच गेटातून निवृत्त होऊन बाहेर पडायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्या माणसाला होती. ती ते कुणालाही, अगदी टँकरच्या ड्रायव्हरलासुद्धा, सांगत. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष राहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आबा स्वतःचा डबा उघडायच्या आधी सगळ्यांच्या डब्यांतला एकेक घास घेत फिरायचे. नव्या माणसाला तो लोचटपणा वाटायचा. मलाही वाटला. पण हेही त्यांचं तपासणीचंच काम होतं, हे रावसाहेबच्या भाकरीमुळे मला कळलं. रावसाहेब हे त्याचं नाव; हुद्दा नव्हे. आमच्या भागात भाऊसाहेब, रावसाहेब, बाळासाहेब इतके की प्लांटमध्ये खरे साहेब कोण ते बाहेरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. हा रावसाहेब पाश्चरायझर चालवायचा. दूध ठरल्या तापमानाला तापवायचं, ठरला वेळ ठेवायचं; काटा जरा हलला तर सगळं दूध धोक्यात. पंधरा वर्षांचा अनुभव आणि त्याचा तोरा.

एक दिवस आबांनी त्याच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि तिथल्या तिथे सांगितलं, "रावसाहेब, उद्यापास्नं चार दिवस क्रेट धुवायला."

रावसाहेब भडकला. "का? माझं काय चुकलं? पंदरा वर्सं मशीन चालवतोय म्या!"

आबा म्हणाले, "भाकरी तू केलीस. एका अंगानं करपलीय, दुसऱ्या अंगानं कच्ची हाय. तव्यावर ध्यान नसंल तर काट्यावर कुठनं राहील?"

रावसाहेब खाली बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बायको नगरला दवाखान्यात होती, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं, आणि हा पहाटे उठून स्वतः भाकरी थापून कामावर येत होता. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लाज वाटत होती. पुढचे चार दिवस आबांच्या घरून दोन डबे आले. रावसाहेब क्रेट धूत होता, शिव्या देत होता आणि आबांच्या बायकोच्या हातच्या भाकरी खात होता.

आबा कुणाला चारचौघांत रागावत नसत. "चल, गेटपातुर जाऊन येऊ," एवढंच म्हणत आणि चालायला लागत. समोरासमोर उभं केलं की माणूस जमिनीकडे बघतो, पण शेजारी चालवलं की समोर बघून खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे 'गेटपर्यंत' हा शब्द ऐकला की भलेभले आपलं काय चुकलं ते आठवू लागत.

माझ्या वाट्यालाही एकदा गेट आलं. क्रेटमध्ये गळक्या पिशव्या सापडल्या म्हणून मी संपतवर सगळ्यांसमोर ओरडले होते. संपत पॅकिंगला होता, पाथर्डीकडचा, अबोल माणूस. माझा स्वभाव तापट, आणि तेव्हा मला वाटायचं की आवाज चढवला की साहेबपण सिद्ध होतं. आबा म्हणाले, "चला मॅडम, गेटपातुर." निम्मं अंतर चालून झालं. मग विचारलं,

"पोरी, तू वरडलीस तवा संपतच्या शेजारी कोन हुतं?"

"लक्ष नाही गेलं."

"त्येचा मेव्हना हुता. लोडिंगला हाय. आता संपत घरी जायच्या आत ही बातमी त्येच्या सासुरवाडीत पोचंल. गळक्या पिशव्या पाच. त्येची केवढी सजा झाली बघ."

दुसऱ्या दिवशी मी संपतची माफी मागितली. माफी मागताना तो मेव्हणाही शेजारीच हजर असेल, एवढी व्यवस्था आबांनी करून ठेवली होती. त्याला त्यांनी कुठल्या निमित्तानं तिथे बोलावलं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण आबांचा खरा नाद वेगळाच होता. दोनचा भोंगा व्हायच्या आधी दहा मिनिटं ते सगळ्या पाळीला क्रेट धुण्याच्या ओट्यापाशी गोळा करायचे आणि म्हणायचे, "आज माझी चूक अशी झाली." मग ती चूक सांगायचे. टँकरमधलं दूध न ढवळताच नमुना घेतला. कोल्ड रूमचं दार दहा मिनिटं उघडं ठेवलं. दूध साठवायच्या उंच टाकीचं, सायलोचं, झाकण नीट बसवलं नाही. सांगून झालं की गळ्यातला टॉवेल झटकायचे आणि विचारायचे, "आनखी कुनाचं काय?" मग एखादा पाय घासत पुढे व्हायचा आणि स्वतःची चूक सांगायचा. सांगणाऱ्याला आबा डब्यातला गुळाचा खडा द्यायचे. त्यावर कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक कुणी उकरून काढायची नाही, हा कायदा.

हा पोरखेळ आहे असं मला वाटायचं, ते संपतनं एकदा तोंड उघडेपर्यंत. तो म्हणाला, "आज सकाळी मशीनवर तारीख बदलायची राहिली. पहिल्या धा मिन्टांच्या पिशव्यांवर कालचीच तारीख पडली." टेम्पो गेटवर उभा होता, ड्रायव्हर पावती घेत होता. आम्ही धावत जाऊन क्रेट उतरवले. संपत गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता आणि पुण्यातल्या दुकानांतून बोंब झाली असती. तो गप्प बसला नाही, कारण त्याच्या आधी आबा बोलले होते.

आता माझ्याबद्दल. त्याच सुमारास मुख्य कचेरीतून नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना सगळं लिहिलेलं लागायचं. प्लांटमध्ये काय चुकतं, कधी चुकतं, याचा तक्ता दर शनिवारी पाठवा, म्हणाले. मी हुशार मुलगी. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. मला आयतीच खाण सापडली होती. रोज दोन वाजता ऐकायचं आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर चढवायचं. संपत, रावसाहेब यांची नावं घालायला जीव धजला नाही. तिथे मी 'एक कामगार' असं लिहिलं. आबांचं मात्र नाव घातलं. ते तर स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगतात, त्यांना काय होणार आहे, असा माझा हिशेब. तक्ता झकास व्हायचा. मॅनेजर म्हणाले, "तुमचं काम नेटकं आहे." मी घरी फोन करून आईला सांगितलं.

असे सहा आठवडे गेले. मग एका दुपारी आबांनी सांगितलं की आज नऊ वाजता त्यांच्याकडून पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला. आणि मला आठवलं की नऊ वाजता आबा माझ्यासमोर लॅबमध्ये बशीतून चहा पीत होते, आणि व्हॉल्व्ह मी स्वतः बघून आले होते. बंद होता. सगळे पांगल्यावर मी आबांना गाठलं.

"आबा, व्हॉल्व्ह बंद होता."

आबांनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल की."

"म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत?"

"मंग काय करू? कुनीतरी आधी तोंड उघडाया लागतं. पहिल्यांदा बोलनाराचं लई अवघड असतं. म्हनलं, ते आपन घ्यावं."

"पण खोट्या चुका?"

"पहिली दोन-तीन वर्सं खऱ्या पुरल्या. मंग संपल्या." त्यांच्या मिशा जराशा हलल्या. "आता इतकी वर्सं हेच काम करतोय, रोजच्या रोज नवी चूक कुठनं आनू? आदल्या दिवशी जेवताना ठरवावी लागती. आमची बायकू बरी हाय, ती आठवन करती. काल कोल्ड रूम झाली, म्हनती, आज बॉयलर घ्या."

मला हसू आलं, आणि लगेच माझे तक्ते आठवले. सहा आठवड्यांच्या खोट्या चुका, तारीखवार, आबांच्या नावासकट, मी मुख्य कचेरीत धाडल्या होत्या. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आबांना आणि मॅनेजरांनाही. मी सांगितलं नाही. तक्ता चुकीचा आहे असं कळवलं तर नोकरी कायम होताना अडचण येईल, ही भीती. शिवाय इतके तक्ते वाचतंय कोण, अशी स्वतःची समजूत घातली. त्या शनिवारपासून आबांचं नाव लिहिणं तेवढं बंद केलं.

वाचणारं कुणीतरी होतं. दोन महिन्यांनी आबांच्या बदलीचं पत्र आलं. कर्जत तालुक्याच्या पार टोकाला कंपनीचं दूध थंड करायचं केंद्र होतं. एक खोली, दोन टाक्या. 'वारंवार घडणारा निष्काळजीपणा' असं कारण, आणि खाली चुकांची यादी. पगार तोच, पण पाळी नाही, माणसं नाहीत आणि हे गेटही नाही. मॅनेजरांनी पत्र माझ्या हातात दिलं. वरिष्ठ म्हणून ते आबांना मी द्यायचं होतं.

मी म्हटलं, "आबा, गेटपर्यंत येता?"

त्यांनी चालता चालता पत्र वाचलं. चष्मा नाकावर, बोट ओळीवरून सरकतंय. यादीपाशी आले तेव्हा थांबले.

"तारखा बरूबर हायेत," ते म्हणाले. "कुनीतरी मन लावून लिवलंय."

मी बोलले ते भलतंच. "आबा, मी मॅनेजरांना सांगते, या चुका खऱ्या नव्हत्याच म्हणून."

"आन मंग? ते पोरांस्नी इचारनार. पोरांस्नी कळलं की आबा इतकी वर्सं खोटं सांगत हुता, तर उद्यापास्नं कोन बोलंल? ऱ्हाऊ दे. म्हातारपनी जरा निवांत बसंन."

आम्ही आणखी थोडं चाललो. मग त्यांनी विचारलं, "आनखी काय?"

मी समोर बघत होते. शेजारी चालवलं की माणूस खरं बोलतो, हे त्यांचं म्हणणं माझ्या बाबतीत खोटं ठरलं.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."

आबांनी मान हलवली. तो क्षण आजही आठवला की मला माझी शरम वाटते.

शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. ओट्यापाशी ते माणसांशी बराच वेळ काही बोलत उभे होते. मी जवळ गेले तशी सगळी गप्प झाली आणि रावसाहेब नाक ओढत भलतीकडे बघू लागला. मग आबा टॉवेल खांद्यावर टाकून गेटाबाहेर पडले. निवृत्त होऊन नव्हे.

त्यानंतर माझी नोकरी कायम झाली आणि पाळी माझ्या हातातून निसटली. दोन वाजता मी माणसं गोळा करायची. "कुणाची काही चूक?" सगळे जमिनीकडे बघत. भोंगा व्हायचा, माणसं जायची. मी आबांच्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. सकाळी गेटवर उभी राहिले, तर दोन दिवसांत सगळ्यांनी गाड्या शेडच्या मागे लावायला सुरुवात केली. डब्यातला घास मागितला, तर रावसाहेबनं उठून दोन्ही हातांनी डबा पुढे केला, "घ्या ना मॅडम," म्हणाला, सोबत लोणचंही वाढलं. पाहुणीला वाढावं तसं. भाकरी चांगली होती, पण मला तिच्यातलं काही कळलं नाही.

कंपनीनं मला पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. माणसांचं वागणं ओळखा आणि उत्तम नेते व्हा, असा विषय. हॉटेलात गार हवा, टेबलावर रंगीत चिठ्ठ्या, शिकवणारे गृहस्थ गोड बोलणारे. दुसऱ्या दिवशी पडद्यावर वाक्य आलं: नेत्यानं आधी स्वतःची चूक कबूल करावी, म्हणजे इतरांना धीर येतो. सगळे लिहून घेत होते. मला वाटलं, उठावं आणि सांगावं की हे आम्ही सातवी शिकलेल्या माणसाकडून रोज ऐकत होतो आणि त्याची शिक्षा म्हणून त्याला तालुक्याच्या टोकाला धाडलंय. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि तोंड धुऊन आले.

परत आल्यावर मी सूचनांची पेटी लावली. महिन्यानं उघडली तर आत गुटख्याची रिकामी पुडी आणि एक चिठ्ठी निघाली: 'पंखा'. मग मी शिबिरात सांगितलेलं केलं. दोन वाजता उभी राहिले आणि म्हणाले, "आज माझी चूक अशी झाली की मी तापमानाची नोंद उशिरा केली." रचलेली होती. आबा रचत, मग मी का नको? माणसांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. रावसाहेब खोकला. बोललं कुणीच नाही. खरी चूक पोटात ठेवून मी खोटी सांगत होते.

आठ महिने असे गेले. मग पुण्याहून तक्रार आली. पिशव्या फोडल्यावर दूध नासत होतं. एकाच दिवसाचं, आमच्या पाळीचं. चौकशीत दिसलं की त्या दिवशी कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि कुणीतरी तो गुपचूप परत चालू केला होता. कुणी, ते कुणी सांगेना. मॅनेजर वैतागले. "उद्या संध्याकाळपर्यंत नाव द्या," म्हणाले. "नाहीतर कोल्ड रूमशी संबंध येणाऱ्या चौघांनाही मी घरी बसवतो." त्या चौघांत रावसाहेब होता आणि संपतही होता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजायला दहा मिनिटं असताना मी ओट्यापाशी उभी राहिले. भाषण ठरवून गेले होते, कुटुंबाची काळजी, सचोटी वगैरे. समोर त्या माणसांची तोंडं बघितली आणि ते सगळं विसरले.

"आबांची बदली माझ्यामुळे झाली," मी म्हणाले. "त्यांच्या चुका मी लिहून मुख्य कचेरीत पाठवत होते. नावासकट. आणि नंतर मला कळलं की त्या चुका खऱ्या नव्हत्या. तुम्ही बोलावं म्हणून ते रचून सांगायचे. तरी मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून. आबांनासुद्धा सांगितलं नाही." माझा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. "ही माझी चूक आहे. खरी आहे."

नळाचं पाणी क्रेटवर पडत होतं. कुणीतरी नळ बंद केला.

रावसाहेब म्हणाला, "मॅडम, आबाच्या चुका खऱ्या न्हवत्या हे आमाला लई वर्सं झाली ठाऊक हाय. तो मानूस कदी दार उगडं ठेवंल का? पर आमच्यासाठी येवडा मोठा मानूस रोज आपल्या तोंडानं आपलंच नाव खराब करतोय म्हनल्यावर आमाला गप बसवंना, म्हनून आमी खरं सांगायचो."

आबांनी मला गप्प बसायला सांगितलं ते एक गुपित राखण्यासाठी, आणि ते गुपित सगळ्या पाळीला माहीत होतं. मी तेव्हाच मॅनेजरांकडे गेले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, आणि आबा त्यांच्या गेटातूनच बाहेर पडले असते.

भोंगा झाला. एकही माणूस हलला नाही. मग संपत पुढे आला. मान खाली, हात पाठीशी.

"कॉम्प्रेसर म्या चालू केला," तो म्हणाला. "चार तास बंद हुता. बगायचं काम माझंच हुतं, म्या इसरलो. भ्या वाटलं, म्हनून बोललो न्हाई."

मी संपतला घेऊन मॅनेजरांकडे गेले. आधी माझं सांगितलं, सगळं, तक्त्यांच्या तारखांसकट. मग त्यानं त्याचं सांगितलं. मॅनेजर बराच वेळ पेन हातात घेऊन बसले आणि त्यांनी काही लिहिलं नाही. संपतला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. चौघांतलं कुणीच घरी गेलं नाही. माझ्या नावानं मुख्य कचेरीतून खरमरीत पत्र आलं, ते मी जपून ठेवलंय. आबांना परत आणावं असं मॅनेजरांनी स्वतः लिहिलं, पण निवृत्तीला आता थोडेच महिने उरलेत, तेव्हा आहे तिथेच राहू द्यावं, असं उत्तर आलं. आबा त्या एका खोलीच्या केंद्रातूनच निवृत्त झाले. ते मला भरून काढता आलं नाही आणि येणारही नाही.

ओट्यापाशी मी कबुली दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी रावसाहेबला विचारलं. आबांच्या चुका खोट्या होत्या हे आधीपासून ठाऊक असल्याचं त्यानं त्या दुपारी सांगितलं होतं. यादी कुणी लिहिली याबद्दल तो काहीच बोलला नव्हता.

"यादी मी लिहिली, ते तुम्हाला कालच कळलं ना?"

"न्हाई," रावसाहेब म्हणाला. "आबा गेले त्याच दिशी कळलं. त्यांनी पत्र वाचलं तवाच वळखलं हुतं. म्हनले, इतक्या नीट तारखा दुसरं कोन लिवतंय."

"मग आठ महिने एकानंही मला तोंडावर का नाही विचारलं?"

रावसाहेबनं बशीतला चहा संपवला.

"जाताना बजावून गेले हुते आमाला. म्हनले, मॅडम आपनहून सांगत्याल, तवर कुनी हा इषय काडायचा न्हाई. म्या म्हनलं, आबा, आन न्हाईच सांगितलं तर? तर म्हनले, सांगंल रं ती. शिकल्याली हाय, जरा येळ लागंल."